नगरचा वकील शिकला कुठे?

नगरच्या जिल्हा न्यायालयात कधी कामानिमित्त जाणे झाले, तर एखाद्या ज्येष्ठ वकिलांना विचारून पाहा, "साहेब, तुम्ही कायदा कुठे शिकलात?" ऐंशीच्या घरातले वकीलसाहेब बहुधा पुण्याचे किंवा मुंबईचे नाव घेतील. त्यांच्या शेजारी फाइल चाळत बसलेला ज्युनिअर मात्र सहज म्हणेल, "इथेच की, लालटाकीला." या दोन उत्तरांमधल्या अंतराची गोष्ट आज सांगायची आहे. हे अंतर नुसते मैलांचे नव्हते. वकील कोणी व्हायचे आणि कोणी नाही, हे त्या अंतरानेच ठरत होते.

मुंबईत १८५५ मध्ये कायद्याच्या शिक्षणाला सुरुवात झाली. आजचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज ते हेच. याच कॉलेजात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ पासून शिकवले आणि १९३५ ते १९३८ या काळात ते तिथे प्राचार्य होते. पण मुंबईत राहायचे म्हणजे खोली हवी, खाणावळ हवी आणि गावाकडून मनीऑर्डर येत राहायला हवी. पारनेरच्या किंवा पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे कुठून परवडणार?

त्यावर एक पळवाट होती. पूर्वी वकिलांचे अनेक दर्जे असत. एलएल. बी. झालेले वकील असत, तसे केवळ प्लीडरची परीक्षा देऊन सनद मिळवलेलेही असत. परीक्षेपुरती पुस्तके मिळवायची, एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली बसायचे आणि परीक्षा द्यायची. लोकमान्य टिळक १८७९ मध्ये एलएल. बी. झाले. त्यांनी स्वतः वकिली थाटली नाही, पण पुढे पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला, तो अशाच परीक्षार्थींसाठी. हा मार्ग खडतर होता, तरी ज्याला शहरात राहणे जमत नव्हते त्याला तो उघडा होता.

नगरमध्ये त्या काळी नावाजलेले वकील नव्हते असे मात्र नाही. कुंदनमल फिरोदिया १९०७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाले, १९१० मध्ये एलएल. बी. झाले आणि नगरला येऊन त्यांनी वकिली सुरू केली. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला आणि १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नगरचा माणूस कायद्याच्या बळावर कुठवर जाऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. पण कायदा शिकण्यासाठी त्यांनाही जिल्ह्याबाहेर जावे लागले होते.

पुण्यात १९२३ मध्ये इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिचे लॉ कॉलेज उघडले. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक. टेकडीच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या या कॉलेजवरूनच पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्याला नाव मिळाले. देशाचे दोन सरन्यायाधीश, प्र. बा. गजेंद्रगडकर आणि य. वि. चंद्रचूड, याच कॉलेजचे विद्यार्थी. यशवंतराव चव्हाणांनीही पुण्यातच कायद्याचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये ते एलएल. बी. झाले. नगरच्या मुलांसाठी मुंबईपेक्षा पुणे जवळ आले खरे. पण जेवणाचा आणि राहण्याचा खर्च काही चुकला नाही.

आणि याच नगरात १९४२ च्या ऑगस्टमध्ये केवढा विरोधाभास घडला पाहा! भुईकोट किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते आणून ठेवले गेले. पंडित नेहरू, सरदार पटेल, असफ अली हे विलायतेत शिकलेले बॅरिस्टर. गोविंद वल्लभ पंत नामांकित वकील. कायद्याचे एवढे जाणकार एका तटबंदीच्या आत, आणि त्यांच्यावर खटला मात्र चाललाच नाही! एखाद्या लॉ कॉलेजला शोभेल अशी ही मंडळी गावात होती. गावात लॉ कॉलेज तेवढे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. मग १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला. वकिलांचे जुने दर्जे जाऊन 'अ‍ॅडव्होकेट' हा एकच वर्ग राहिला आणि नव्याने वकिलीत येणाऱ्यासाठी कायद्याची पदवी हाच रस्ता उरला. सुधारणा चांगलीच होती. पक्षकाराला शिकलेला वकील मिळावा यात वावगे काहीच नाही. पण तिची दुसरी बाजूही लक्षात घ्या. घरी अभ्यास करून प्लीडर होण्याची जुनी वाट त्यामुळे बंद झाली. ज्या जिल्ह्यात लॉ कॉलेज नाही, तिथल्या गरीब मुलाचा वकिलीचा दरवाजा जवळजवळ मिटला. जिल्ह्याच्या ठिकाणी लॉ कॉलेज निघणे का गरजेचे होते, ते इथे कळते.

नगरमध्ये ही गरज अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाच्या न्यू लॉ कॉलेजने भागवली. संस्था १९१८ पासूनची, बहुजनांच्या मुलांना शिकवण्यासाठी निघालेली. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. एका टोकाला सह्याद्रीतले अकोले, दुसऱ्या टोकाला जामखेड. तालुक्याहून पहिल्या एसटीने माळीवाड्याला उतरायचे, वडापाव खाऊन वर्ग गाठायचा आणि दुपारी परत फिरायचे, हा अशा कॉलेजातल्या कित्येक मुलांचा दिनक्रम. वर्गात बारावी होऊन आलेला पोरगा असतो, तशी चाळिशीतली शिक्षिकाही असते. कलम इंग्रजीत वाचायचे आणि समजून घ्यायचे मराठीत. अभिरूप न्यायालयाच्या दिवशी मित्राचा कोट मागून आणायचा आणि "मे इट प्लीज युवर लॉर्डशिप" म्हणताना पाय लटपटायचे. पण शिकलेले वाया जात नाही. बांधाचा वाद, वाटणीचा दावा, कालव्याच्या पाण्याचे भांडण, सोसायटीचे कर्ज, हे सारे या मुलांनी घरात आधीच पाहिलेले असते.

आता एक प्रश्न उरतो आणि तो सोपा नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी सत्तर टक्के हजेरी आवश्यक केली. वर्गात न बसता मिळवलेल्या पदवीचे भोग शेवटी पक्षकाराच्या वाट्याला येतात, म्हणून नियम योग्यच. पण नोकरी करून शिकणाऱ्याने रजा कुठून आणायची? हजेरीपटावरची खोटी सही हे त्याचे उत्तर नव्हे. वसतिगृह, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे राहणारे ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती हे उत्तर आहे. कॉलेज जवळ आले, एवढ्याने भागत नाही. तिथे दिवसभर थांबता आले पाहिजे.

हे थांबणे मुलींसाठी तर अधिकच मोलाचे. १९२३ पर्यंत आपल्या देशात स्त्रियांना वकिलीचा निर्विवाद हक्कच नव्हता. तो त्या वर्षीच्या कायद्याने मिळाला. आज नगरची मुलगी घरचा डबा घेऊन लॉ कॉलेजला जाते. तिच्या पदवीवर विद्यापीठाचे नाव असते सावित्रीबाई फुले यांचे. त्या सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते याच नगरात, मिस फरार यांच्याकडे. त्यासाठी त्यांना पुण्याहून नगरला यावे लागले होते.

पुढच्या वेळी कोर्टात गेलात, तर त्या ज्युनिअरला आणखी एक प्रश्न विचारा, "गाव कोणते?" त्याने किंवा तिने एखाद्या वाडीचे नाव सांगितले, तर समजा, ते अंतर थोडे कमी झाले आहे.