‘म्हणे लढाई संपली’: एका नावाचे भाष्य

पाठ तीनच शब्दांचा. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी (1913–1953), यांच्या 1946 च्या कादंबरीचे हे नाव. लेखक परभणीचा, हैदराबादच्या निजामाच्या बांधकाम खात्यातला कारकून. आत शिरण्याआधी नाव सोडवून घे.

म्हणे — म्हणजे, असे म्हणतात. कोण? कर्ता नाही. अर्थ दोन लागतात. एक, ऐकीव बातमी: लढाई दूर झाली, तिचा शेवट इथे नुसता कानावर आला. दुसरा, उपरोध: संपली म्हणतात, आम्हाला तर दिसत नाही. बहुतेक जण दुसरा धरून मोकळे होतात. माझ्या मते पहिल्यावाचून दुसरा उभाच राहत नाही. 1939 मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानला युद्धात ओढले, निजामाने इंग्रजांना साथ दिली. परभणीच्या रयतेला दोघांनीही विचारले नाही. ज्याला सुरुवात विचारली नाही, त्याला शेवटही ऐकीवच कळणार. त्याच्या शंकेला धार येते ती इथून.

कर्ता नाही, याचा अर्थ बोलणारे सगळेच, असे मात्र घेऊ नकोस. लिहिणारा शिकलेला नोकरदार आहे. हेच वाक्य सालगड्याच्या तोंडी महागाईचे होईल. पलटणीत गेलेल्या शिपायाच्या बायकोच्या तोंडी त्यात उपरोध उरणारच नाही. माणूस दारात येईल तेव्हा तिची लढाई संपेल. कारकुनाचे ‘म्हणे’ या दोघांच्या वतीने बोलते का, हे प्रकरणागणिक तपासावे लागेल.

लढाई — म्हणजे दुसरे महायुद्ध. मे 1945 मध्ये जर्मनी शरण आली, सप्टेंबरमध्ये जपान. तरी नावात ‘महायुद्ध’ नाही. चावडीवरचा शब्द घेतला, याचा अर्थ पाहणारा रणांगणाबाहेर उभा आहे.

संपली — क्रियापद ठाम, पण ‘म्हणे’ने आधीच पोखरलेले. इथे एक मोह आवर. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्य रणगाड्यांसह हैदराबाद संस्थानात शिरले आणि 17 तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. ती लढाई या नावात भाकीत म्हणून वाचू नये. 1946 चा लेखक ज्योतिषी नव्हता. पण 1948 नंतरच्या मराठवाड्यातल्या वाचकाला हे नाव नवा प्रश्न घालते, हेही खरे. त्या मोहिमेला सरकारने ‘पोलीस कारवाई’ म्हटले. म्हणजे लढाई संपली की नाही हे पुढचे. तिला लढाई म्हणायचे की नाही, हेच आधी वरून ठरले होते.