कडेवरचं नाव



जुनं लष्करी पदक हातात आलं की बहुतेक जण आधी त्यावरचा राजा बघतात, मग उलटी बाजू. मी आधी कड बघतो. नाव तिथे असतं.

शाळेतून निवृत्त झाल्याला १८ वर्षं झाली. तेव्हापासून पहिल्या महायुद्धातल्या आपल्याकडच्या शिपायांची पदकं गोळा करतो आहे. काही पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडून मिळवली, काही मोडीच्या दुकानांतून, दोन ओळखीच्या सोनारानं मुशीत टाकायच्या आधी बाजूला काढून ठेवली. सगळी मिळून ३१. "मास्तर, या वयात हा लढायांचा नाद कसला?" असं पुष्कळ जण विचारतात. आमच्या सूनबाईही त्यात आल्या! म्हणून आज एकदाचं सविस्तर लिहितो.

त्या युद्धानंतर शिपायांना मुख्यतः दोन पदकं मिळाली. एक चांदीचं 'ब्रिटिश वॉर मेडल'. व्यास ३६ मिलिमीटर, वजन सुमारे अडीच तोळे. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा स्वार आणि टापांखाली ढाल व कवटी. अशी सुमारे ६५ लाख पदकं निघाली. मजूर पलटणींतल्या आणि छावणीत राबणाऱ्या माणसांना हेच पदक कांस्याचं मिळालं. ती सुमारे १ लाख १० हजार. दुसरं 'व्हिक्टरी मेडल', कांस्याचं, पंखवाल्या देवतेचं. त्याच्या पाठीवर इंग्रजीत लिहिलंय की हे महायुद्ध सुसंस्कृतपणासाठी झालं. वाचून हसावं की काय करावं कळत नाही.

दोन्हींच्या कडेवर मात्र एक ओळ ठोकलेली असते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. अक्षरं बारीक, भिंगाशिवाय लागत नाहीत. नावं इंग्रज पद्धतीनं लिहिलेली, त्यामुळे 'काळे' की 'काले' हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. रोमन लिपीत ळ नाही आणि ण नाही. 'मराठा' शब्दात तर एक 'ह' जास्तीचा घुसवलेला. जन्मभर शुद्धलेखन तपासलेल्या माणसाचा हात लाल पेनाकडे जातो, पण चांदीवर काय दुरुस्ती करणार? आणि गावाचं नाव नसतंच. एवढ्या एका गोष्टीमुळे त्या माणसाच्या घरापर्यंत पोचता येत नाही.

माझ्याकडची बरीच पदकं मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेतल्या पलटणींची आहेत. 'पूना डिव्हिजन' या नावानंच ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादकडे निघालेली ही फौज मागे हटून टायग्रिसकाठच्या कुट गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. आपल्या बहुतेक शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस शिवलं नाही आणि ते अधिक खंगले. शेवटी सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. पुढे वाळवंटातून पायी नेताना आणि कैदेत हजारो मेली.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ याच मोहिमेवर होते. आमच्या घरात त्यांच्याबद्दल दोनच शब्द उरलेत : "बसऱ्याला गेले." परत आले नाहीत. कुटात होते की दुसरीकडे, तापानं गेले की गोळीनं, कुणालाच ठाऊक नाही. पदक मात्र रीतीप्रमाणे घरी आलं होतं. ते १९७२ च्या दुष्काळात माझ्या चुलत आजीनं सोनाराला घातलं आणि घरात दोन-तीन पायल्या ज्वारी आली. तिनं योग्यच केलं. मेलेल्याच्या नावापेक्षा जित्या पोरांचं पोट मोठं. पण त्या दिवशी त्यांचं नाव कुठून पुसलं गेलं, हे मला फार उशिरा, इतिहासाची पुस्तकं चाळताना उमगलं.

बसऱ्याचं युद्धस्मारक १९२९ साली खुलं झालं. या मोहिमेत पडलेल्या आणि थडगं ठाऊक नसलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांचं ते स्मारक. त्याच्या भिंतीवर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा दिला. अमुक पलटण, इतके. बस्स. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला १९२७ साली झालेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं आहेत. म्हणजे युरोपात नाव आणि इराकात नुसता आकडा. नावं कोरणं अवघड होतं म्हणावं, तर पुण्याजवळच कोरेगाव भीमाला १८१८ च्या लढाईचा स्तंभ उभा आहे. कंपनी सरकारनंच उभारलेला. त्यावर साध्या शिपायांची नावं आहेत, महार शिपायांची तर 'नाक' या शेपटासकट. शंभर वर्षांपूर्वी जे जमलं ते बसऱ्याला का जमू नये? एप्रिल २०२१ मध्ये ही स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं चौकशी अहवाल काढून हा दुजाभाव कबूल केला आणि माफी मागितली.

आपल्याकडच्या अनेक गावांत त्या काळी बसवलेल्या शिळा आहेत. 'या गावातून महायुद्धावर इतके गेले, पैकी इतके कामी आले.' तिथेही आकडाच.

आता माझ्या कडा बघण्याचं कारण कळलं असेल. आमच्या थोरल्या आजोबांसारख्या शिपायाचं नाव भिंतीवर नाही, गावच्या शिळेवर नाही. डोळ्यांना दिसेल, बोटाला लागेल असं ते होतं ते पदकाच्या कडेवर. ते वितळलं की माणूस पुन्हा आकड्यात गेला. त्यांचा नंबर मला ठाऊक नाही, पलटण कितवी तेही नाही, फक्त नाव ठाऊक आहे. नवं पदक हाती आलं की तेच शोधत असतो. ते सापडणार नाही हे कळतं. तरी शोधतो.

मेलेल्यांच्या घरी आणखी एक वस्तू यायची. साधारण अर्ध्या वितीएवढी, कांस्याची जाड चकती. इंग्लंडात लोक तिला 'मेलेल्याची पेनी' म्हणत. अशा साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या ओतल्या. त्यावर नाव असतं, पण हुद्दा मुद्दाम ठेवलेला नाही, कारण मरणात सगळे सारखे. माझ्याकडे एकच आहे. नाव आपल्या माणसाचं, पण नंबर-पलटण नसल्यानं तो कुठला, हा शोध तिथेच थांबतो.

परवा अमेरिकेतल्या पुतण्याच्या मुलानं तिथल्या लष्कराचं 'चॅलेंज कॉइन' पाठवलं. छान रंगीत नाणं आहे. पलटणीचं चिन्ह, बोधवाक्य. वरिष्ठ ते शाबासकी म्हणून हस्तांदोलन करता करता तळहातात सरकवतात. कुणी आपलं नाणं टेबलावर आपटलं आणि दुसऱ्याच्या खिशात त्याचं नसलं, तर पेयांचे पैसे त्या दुसऱ्याने द्यायचे! गंमत वाटली. तेही मी जपून ठेवलंय. पण त्याचीसुद्धा कड आधी बघितली. कोरी होती. नाणं सांगतं, हा आमच्यातला. कोण, ते खिशात बाळगणाऱ्यानं सांगायचं. तो जिवंत आहे तोवर ठीक.

"तुमच्यानंतर या डब्याचं काय?" हा प्रश्न घरात निघतो. निघायलाच हवा. म्हणून एक वही केली आहे. शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली : नंबर, हुद्दा, नाव, पलटण, कुठे मिळालं. ३१ ओळी. नातीनं ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली. पदकं उद्या कुणाकडेही जावोत, चांदीचा भाव वाढून मुशीतसुद्धा जावोत. पण नावाची एक प्रत मागे राहील.

तुमच्याही घरी माळ्यावरच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात असं काही असेल. दुसऱ्या महायुद्धाचं असलं तरी चालेल. त्या वेळी इंग्लंडनं खर्च वाचवायला आपल्या सैनिकांची पदकं कोरी दिली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नाव घातलेलं आहे. चिंच-रांगोळीनं घासू नका, अक्षरं झिजतात. भिंग घ्या, कड फिरवत वाचा, आणि कागदावर उतरवून ठेवा. विकायचं असेल तर खुशाल विका, अडचण कुणाला चुकलेली नाही. फक्त त्याआधी एकदा नाव मोठ्यानं वाचा आणि घरातल्या पोरांना ऐकू द्या.

असो. आज एवढंच.