अद्भुतिकेतील सामान्य स्त्री : टॉल्किन ते ल ग्विन

फँटसी अर्थात अद्भुतिका या वाङ्मयप्रकाराने सामान्य माणसाला नायकत्व दिले, असे म्हटले जाते. हा 'सामान्य माणूस' बहुतांशी पुरुषच आहे, याची दखल मात्र उशिरा घेतली गेली.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील (१९५४-५५) सॅम हा साधा माळी. आरंभी तो हास्यविषय असला, तरी प्रवास, कसोटी आणि निर्णय त्याच्या वाट्याला येतात; तो पालटतो. स्त्रीचित्रणाच्या चर्चेत जिचा दाखला दिला जातो ती एओविन राजाची भाची. सामान्य स्त्रीच्या प्रश्नाला ती उत्तर ठरत नाही. तो प्रश्न आयोरेथ या गौण पात्रापाशी उभा राहतो. खऱ्या राजाचे हात रोगनिवारक असतात, ही लोकश्रुती शुश्रूषागृहातील या वृद्धेलाच आठवते, आणि तिच्या बोलण्यावरूनच गॅन्डाल्फ अ‍ॅरॅगॉर्नला आणावयास जातो. राजपदाची खूण पटविणारे ज्ञान तिचे. निवेदनात ती बडबडी म्हातारीच उरते. तेथील विद्वान वनौषधिज्ञही उपहासातून सुटत नाही, हे खरे. तेव्हा भेद विनोदाचा नाही, कथावकाशाचा आहे : सॅमला पालटण्यास अवधी मिळतो, आयोरेथला मिळत नाही.

उर्सुला ल ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त (१९६८) हाच भेद व्यवस्थेचे रूप घेतो. नायक गेडला पहिले मंत्र शिकविते ती त्याची मावशी, गावातली चेटकी. पण रोक बेटावरील मंत्रविद्यालयाची दारे स्त्रियांना बंद. 'तेहानू'मध्ये (१९९०) लेखिका या व्यवस्थेकडे तेनार या शेतकऱ्याच्या मध्यमवयीन विधवेच्या नजरेतून पाहते. तेनारच्या हाती तलवार येत नाही. शेळ्या राखणे, रांधणे, होरपळलेल्या मुलीला सांभाळणे याच येथील घटना. मंत्रशक्ती गमावलेला गेडही बालपणीप्रमाणे पुन्हा शेळ्या राखतो. सामान्य स्त्री आणि सामान्य पुरुष येथे एकाच मापाने मोजले जातात. तरीही खलाशी मुलगा परतताच रूढीने शेत त्याचे होते.

अखेरीस मांत्रिकाच्या मंत्राने हतबल झालेल्या तेनारची सुटका ड्रॅगन करतो. सामान्यत्वाला शेवटी अद्भुताचाच टेकू लागावा, ही या कृतीची मर्यादा मानता येईल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. घरकामाला कथेत प्रतिष्ठा मिळाल्याने सत्तेची रचना ढळत नाही. ती ढळविण्यासाठी इतिहासच नव्याने सांगावा लागतो. 'टेल्स फ्रॉम अर्थसी'मधील (२००१) एका कथेत रोकच्या संस्थापकांत स्त्रियाही होत्या, असे उघड होते. त्यांना पुढे वगळले गेले. सामान्य स्त्रीच्या अनुपस्थितीत अद्भुतविश्वाचा नियम पाहणाऱ्या समीक्षेने, त्या विश्वाचा इतिहास कोणी लिहिला, हे आधी विचारावयास हवे.