अस्वानची भेग

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तो व्हिडिओ येतोच. इजिप्तमध्ये अस्वानच्या खाणीत एक अवाढव्य ओबेलिस्क आडवा पडलाय आणि निवेदक दबक्या आवाजात विचारतोय, हे माणसाचं काम असू शकतं? (वेरूळच्या कैलास लेण्यालाही ही मंडळी सोडत नाहीत.) गेल्या वेळी मामाने तो पाठवला, तेव्हा मी तावातावाने उत्तर टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं, उत्तर मलाही माहीत नाही. इंजिनिअरिंगची डिग्री असून!

ओबेलिस्क म्हणजे एकाच दगडातून काढलेला, वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ. हा सुमारे ४२ मीटर लांब आहे. पूर्ण झाला असता तर वजन हजार टनांच्या वर गेलं असतं. पण ग्रॅनाइटला भेगा गेल्या आणि काम सोडून द्यावं लागलं. आपल्या दृष्टीने हे बरंच झालं. तयार स्तंभावरच्या खुणा घासून पुसलेल्या असतात, इथे सगळा लॉग तसाच शिल्लक आहे.

१९२२ मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्यातल्या रेजिनाल्ड एंगलबाखने तो वाचला. स्तंभाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊण मीटर रुंदीचे चर आहेत. त्यांच्या भिंतींवर छिन्नीच्या खुणा नाहीत, चमच्याने आइस्क्रीम काढावं तसे खळगे आहेत. आसपास डोलेराइट या टणक दगडाचे गोळे सापडले. म्हणजे ग्रॅनाइट कापलाच नव्हता, ठेचून ठेचून त्याची भुकटी केली होती. एंगलबाखने स्वतः तासभर ठोकून पाहिलं. खोली वाढली काही मिलिमीटर. चराच्या भिंतीवर तांबड्या रेघाही आहेत, कुणाचं काम कुठपर्यंत आलं ते मोजायला. त्या पाहून मला आमची रोजची स्टँडअप मीटिंग आठवली.

बरं, डेडलाइनही होत्या. हातशेप्सुत राणीने कर्नाकच्या ओबेलिस्कवर कोरून ठेवलंय, खाणीतलं काम ७ महिन्यांत झालं.

अस्वानचं हे धूड खड्ड्यातून बाहेर कसं काढणार होते, याचं मला पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. ते गूढ खरं आहे.

मला मात्र दुसऱ्याच रेघांनी धरून ठेवलं. भेग दिसल्यावर त्याच दगडातून लहान ओबेलिस्क निघतो का, हे त्यांनी आखून पाहिलं होतं. तेही जमलं नाही.

हे सगळं मामाला लिहून पाठवलं. आधी अंगठा आला. मग प्रश्न : "पण भेग पडली, हे वर जाऊन सांगितलं कोणी रे?"