गुलाबांमागची तेरेजा

आमच्या वसईच्या घरी आजीच्या खाटेच्या वर एक तसबीर होती. क्रूस आणि गुलाब छातीशी धरलेली, गोड चेहऱ्याची संत तेरेजा. आजी म्हणायची, "हिच्यासारखं लहान व्हा गं पोरींनो." आम्ही लहानच होतो की! पुढे कॉलेजात गेल्यावर मात्र या 'लहान व्हा'चा राग यायला लागला. मान खाली घाला, उलट बोलू नका, एवढाच अर्थ मला लागायचा.

गेल्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली आणि तेरेजाचं आत्मकथन मी परत हातात घेतलं. का, ते पुढे सांगते.

ही फ्रान्समधली मुलगी, जन्म १८७३चा. वडील घड्याळजी. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. चौदाव्या वर्षी हिने कार्मेल मठात जायचा हट्ट धरला. वय कमी म्हणून नकार मिळाला. नोव्हेंबर १८८७मध्ये ती यात्रेकरूंबरोबर रोमला गेली. पोपशी कोणी बोलायचं नाही, असं सगळ्यांना बजावलेलं. ही तेरावे लिओ यांच्यापुढे गुडघे टेकून बोललीच! शेवटी पहारेकऱ्यांनी तिला उचलून बाजूला नेलं. एप्रिल १८८८मध्ये ती लिझ्यूच्या मठात दाखल झाली. नम्रतेची संत म्हणतात, ती ही.

मठात सिस्टर सेंट पिएर नावाची एक वृद्ध, आजारी सिस्टर होती. संध्याकाळी तिला धरून जेवणघरात न्यायचं काम तेरेजाने मागून घेतलं. मनातून नको होतं, हे तिने स्वतःच लिहिलंय. म्हातारीचं सारखं चालू. भरभर चाललं की "पाडशील मला", हळू चाललं की "तुझा हात लागत नाही, सोडलास वाटतं". जेवायला बसवल्यावर बाह्यासुद्धा ठरावीक पद्धतीनेच दुमडायच्या. तिला पाव कापता येत नाही, हे तेरेजाच्या एक दिवस लक्षात आलं. मग रोज तो कापून दिल्याशिवाय ती निघेना.

हे वाचताना मी पुस्तक मिटलं होतं. आदल्याच रात्री, बाथरूमपर्यंत नेताना, "किती वेळा तेच तेच!" म्हणून मी आईवर ओरडले होते. आई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तेरेजा प्रार्थनेत डुलक्या घ्यायची, तीही वर्षानुवर्षं. पण मूल झोपलेलं असलं तरी आईबापांना आवडतंच, म्हणून तिला त्याचं दुःख नव्हतं. परिपूर्णतेचा जिना आपल्याला चढवत नाही, येशूचे हात हीच आपली लिफ्ट, असंही ती म्हणते. (लिफ्टची तेव्हा नवलाई होती!) आणि हे लिहिताना ती क्षयाने खंगत होती, स्वर्ग आहे की नाही या काळोखात चाचपडत होती. ३० सप्टेंबर १८९७ रोजी ती गेली, वय २४.

तिच्या बहिणीने काटछाट करून पुस्तक १८९८मध्ये काढलं. मूळ मजकूर यायला १९५६ उजाडलं. फोटोसुद्धा रंगवून गोड केलेले. खरे फोटो मी पाहिले, त्यांतल्या मुलीची हनुवटी चांगली हट्टी आहे. १९२७मध्ये चर्चने तिला मिशनकार्याची आश्रयदाती केलं, गोव्यात ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीला. तिने तर मठात गेल्यावर उंबरठा ओलांडला नव्हता!

दुसऱ्या दिवशी आईची माफी मागितली. "कशाबद्दल गं?" म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं की काय, कोण जाणे. काल रात्री पुन्हा तेच, अर्ध्या वाटेत थांबून,

"धरलंयस ना गं?"

"धरलंय, आई."