चाबी : आपल्या सोसायटीचा एक राहून गेलेला इतिहास

स्मरणिका समितीने माझ्याकडे 'सोसायटीचा इतिहास' हा विषय दिला, म्हणून मी पहिल्या काही वर्षांचं प्रोसिडिंग बुक घरी आणून वाचलं. त्यात बोअरवेल आहे, गळकी टाकी आहे, काळ्या मातीमुळे खचलेली आणि दोनदा बांधलेली कंपाउंडची भिंत आहे. महानच्या धरणाचं पाणी नळाला कधी येणार आणि आलं की व्हॉल्व्ह कोण उघडणार, यावरची भांडणं तर पानोपानी आहेत. हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात आणि सचिवांच्या अहवालात येणारच. माझ्या डोक्यात मात्र वाचता वाचता एक वेगळीच गोष्ट घोळत राहिली. या पंचवीस वर्षांत आपल्या पार्किंगमधल्या गाड्या बदलल्या हे सगळ्यांना दिसतं, पण त्यांच्या चाब्या बदलल्या हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पुस्तकी भाषेत किल्ली म्हणतात, आपण चाबीच म्हणतो, म्हणून मीही तेच लिहितो.

२००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा गोरक्षण रोडच्या या मागच्या बाजूला रात्री आठनंतर ऑटो मिळत नसे. पार्किंगमध्ये चेतक, लुना, दोन-तीन मोटारसायकली आणि सायकली. चारचाकी एकच, पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांची पांढरी मारुती ८००. या गाडीच्या चाबीला आपल्या देशात एक मान आहे. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चाबी खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींनी हरपाल सिंग या गृहस्थांच्या हातात दिली होती. काकांची गाडी अर्थात सेकंडहँड. पण तिची चाबी आपल्या बिल्डिंगमध्ये तितक्याच मानाने राहायची. एक काकांच्या खिशात आणि दुसरी समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींच्या दारामागच्या खिळ्यावर. काका नागपूरला मुलीकडे गेले की गाडी आठवड्यातून एकदा चालू करून ठेवायचं काम मावशींच्या मुलाकडे असे.

ती चाबी म्हणजे नुसता दाते पाडलेला लोखंडाचा तुकडा. टिळक रोडवर रस्त्याच्या कडेला बसणारा चाबीवाला पाच मिनिटांत तशी दुसरी घासून द्यायचा. झिजलेल्या चाबीने भलत्याच गाडीचं दार उघडल्याचे किस्से तेव्हा प्रत्येक घरी होते. आमच्याच पार्किंगमध्ये एकदा एका भाऊंनी शेजाऱ्याची मोटारसायकल आपली समजून चालू केली आणि पार जठारपेठेपर्यंत नेली. पेट्रोल संपलं तेव्हा लक्षात आलं, कारण त्यांनी आदल्याच दिवशी टाकी भरली होती!

मोटारीची चाबी तशी फार जुनी नाही. सुरुवातीला इंजिन चालू करायला समोरून हँडल मारावं लागे. आमचे वडील बाळापूरकडच्या शेतकरी घरातले, त्यांनी हँडल मारून चालू होणारे ट्रक पाहिले होते. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं, असं ते सांगत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि ते हँडल हळूहळू गेलं. चाबी फिरवताच इंजिन सुरू, ही आज आपल्याला जन्मजात वाटणारी सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली. म्हणजे ती आपल्या स्वातंत्र्याहूनही दोन वर्षांनी लहान.

चाबीने गाडी चालू होते म्हटल्यावर चाबीशिवायही चालू करता येते, हे चोरांना लवकरच कळलं. स्विचच्या मागच्या दोन वायरी जोडल्या की काम झालं. त्यावर बऱ्याच युक्त्या निघाल्या. अमेरिकेत १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या चाबीत विजेचा एक छोटा रोधक बसवला होता. पंधरापैकी एका ठराविक मापाचा रोधक जुळला तरच गाडी चालू, चुकीचा लागला तर काही मिनिटं थांबा. पंधराच प्रकार म्हणजे चोराला पंधरा चाब्या पुरे, पण प्रत्येक वेळी थांबायला चोराकडे वेळ कुठे असतो? पुढे बर्लिनची भिंत पडल्यावर जर्मनीतून गाड्या चोरून पूर्वेकडे नेण्याचं प्रमाण इतकं वाढलं की विमा कंपन्या हातघाईवर आल्या. मग आला इमोबिलायझर. युरोपियन युनियनने १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा केला, कॅनडाने २००७ मध्ये. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी तिथल्या चोऱ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा या एका वस्तूने गाडीचोरी खूपच खाली आणल्याचं दिसलं.

हे काम कसं करतं ते सोप्या भाषेत सांगतो, कारण मला ते फार महागात शिकावं लागलं. चाबीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. आपण चाबी लॉकमध्ये घातली की लॉकभोवती बसवलेली तांब्याच्या तारेची रिंग तिला हवेतूनच थोडी वीज पुरवते. मग गाडीचा कॉम्प्युटर तिला एक प्रश्न टाकतो आणि चिप तिच्याजवळच्या गुप्त आकड्यावरून उत्तर देते. उत्तर बरोबर आलं तरच इंजिनला पेट्रोल आणि ठिणगी मिळते. दाते कितीही तंतोतंत घासा, चिप नसेल तर स्टार्टर नुसता फिरतो, इंजिन क्षणभर धरतं आणि बंद पडतं. समोर पॅनलवर चाबीच्या आकाराचा दिवा लुकलुकत राहतो. मारुतीवाले या व्यवस्थेला आयकॅट्स म्हणतात, दुसऱ्या कंपन्यांची नावं वेगळी. आपल्याकडे साध्या छोट्या गाड्यांत ही सोय २००० नंतरच्या दहा वर्षांत पसरली. रिमोटचं लॉक म्हणजेच इमोबिलायझर, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. रिमोटचे सेल संपले तरी चिप चालते, आणि रिमोट नसलेल्या गाडीतही चिप असू शकते.

माझी गाडी २००८ ची, पेट्रोल हॅचबॅक. २०११ च्या उन्हाळ्यात अमरावतीच्या एका गृहस्थांकडून घेतली. चाबी एकच मिळाली. "दुसरी घरात कुठंतरी असंल, सापडली की पाठवतो," असं ते म्हणाले आणि मीही मान डोलावली. आरसी माझ्या नावावर करायचीही राहून गेली. नंबर अजून एमएच २७ चाच होता. त्याच श्रावणात, शेवटच्या सोमवारी, राजराजेश्वराच्या कावड उत्सवात मी चाबी हरवली. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन येणाऱ्या कावडी, ढोल, गुलाल आणि माणसांचा पूर. घरी येऊन खिसा चाचपला तर रिकामा.

मंगळवारी संध्याकाळी चाबीवाल्याला घरी आणलं. त्याने लॉक पाहून, घासून, पुन्हा पाहून अर्ध्या तासात चाबी केली. दार उघडलं, चाबी फिरली, स्टार्टर फिरला, इंजिन धरलं आणि गेलं. तीनदा तसंच झालं. तो म्हणाला, "भाऊ, दार उघडून देल्लं, पण इंजिनचं माह्या हातात नाही. हिच्या चाबीत चिप राह्यते." वडील गॅलरीतून पाहत होते. वर गेलो तर म्हणाले, "मंग बैल काय करते? बैलही धनी ओळखूनच मान देते. गाडी आता बैलावानी झाली, दुसरं काय!" आम्ही हसलो. उद्या वर्कशॉपला फोन करू म्हणून झोपलो.

रात्री सव्वादोनला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. घामाने बनियन ओलं, डावा हात जड. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ ला सुरू झाली, तेव्हा ती नव्हती. ऑटो स्टँडपर्यंत धावत जाऊन मुलगा रिकामा परत आला. स्कूटरवर त्यांना बसवणं शक्यच नव्हतं. आणि माझी गाडी खाली उभी, दार उघडं, पॅनलवरचा दिवा लुकलुकतोय. मी तरीही त्या चाबीने चार-पाच वेळा प्रयत्न केला. ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो, कारण ती मिनिटं गेली.

आवाजाने समोरच्या मावशी बाहेर आल्या. "काहून जी, काकाजीले काय झालं?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या. परत आल्या त्या खिळ्यावरची चाबी घेऊन. बँकवाले काका नागपूरलाच होते. "घ्या. चोक वढा अन् निघा. त्याहिले सकाळी सांगू." पावसात भिजलेली मारुती ८०० दुसऱ्या प्रयत्नात चालू झाली. तिने कोणालाच काही विचारलं नाही. बिल्डिंगमधल्या दोन मुलांनी वडिलांना खुर्चीसकट जिना उतरवलं. आपल्याकडे लिफ्ट नंतर आली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. वडील त्यानंतर सात वर्षं आमच्यासोबत राहिले. ते बरे होऊन परतले तेव्हा काकांनी पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, पण पुढचं सर्व्हिसिंग मला करून द्यायला लावलं.

चाबीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण आजही दर वर्षी कोणीतरी मला विचारायला येतं. वर्कशॉपवाल्यांनी आरसी, ओळखपत्र आणि पोलिसांकडची हरवल्याची नोंद मागितली. आरसी दुसऱ्याच्या नावावर. त्यामुळे शंभरेक किलोमीटरवर अमरावतीला जाऊन त्या गृहस्थांची सही आणि ओळखपत्राची प्रत आणली. त्यांची दुसरी चाबी काही सापडली नाही. नव्या गाडीसोबत चाबीचा नंबर कोरलेली एक छोटी पट्टी मिळते, तीही त्यांनी कधीच फेकली होती. मग चॅसिस नंबरवरून कंपनीकडे मागणी गेली. गाडी क्रेनने न्यावी लागली. बारा दिवसांनी चाब्या आल्या. मुलाने स्टेअरिंगखालच्या खाचेत मशीन जोडलं, कंपनीकडून आलेला कोड टाकला आणि दहा मिनिटांत गाडीने दोन नव्या चाब्या ओळखल्या. त्याच वेळी हरवलेली जुनी चाबी गाडीच्या आठवणीतून पुसली गेली. ती कावडच्या गर्दीत कोणाला सापडली असेल तर त्याला माझं दार उघडता येईल, गाडी नेता येणार नाही. सगळा खर्च सात हजारांवर गेला. एक चाबी हातात असती तर दुसरी करून घेणं यापेक्षा कितीतरी सोपं आणि स्वस्त पडलं असतं. चिपची नक्कल करणारे कारागीर आता शहरातही आहेत, पण त्यांनाही चालणारी एक चाबी हातात असली की काम सोपं जातं.

या चिपची कुलुपंही अभेद्य नाहीत बरं का. २००५ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी एका प्रसिद्ध चिपचा गुप्त आकडा शोधून दाखवला. २०१३ मध्ये दुसऱ्या एका चिपवरचा शोधनिबंध फोक्सवॅगनने लंडनच्या कोर्टातून थांबवला, तो दोन वर्षांनी छापला गेला. आता बटणाच्या गाड्या आल्या आहेत. त्यांत घरातल्या चाबीचा सिग्नल यंत्राने लांबवून दारातली गाडी नेतात. म्हणून आपल्या सी विंगमधल्या एक वहिनी चाबी स्टीलच्या डब्यात ठेवतात. घरच्यांनी त्यांची थट्टा केली तरी त्यांचं चुकत नाही.

त्या रात्रीनंतरच्या दिवाळीत सोसायटीच्या ऑफिसात लाकडी चाबीपेटी लागली. ज्यांना वाटेल त्यांनी दुसरी चाबी चिठ्ठी लावून ठेवायची, रजिस्टरमध्ये सही करायची. एका काळी तिथे एकोणीस चाब्या होत्या. बँकवाल्या काकांची ८०० पंधरा वर्षांची मुदत संपून, पुन्हा पासिंग होऊन, शेवटी भंगारात गेली. ती मॉडेलच कंपनीने २०१४ ला बंद केलं होतं. आज पेटीत सहाच चाब्या आहेत. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाब्या मागते, आणि एक सोसायटीच्या ऑफिसात होती म्हटलं तर दावा अडकेल, अशी भीती गेल्या वर्षी सभेत कोणीतरी बोलून दाखवली. भीती खोटी नाही. पेटीला कुलूप लावावं, कुलपाची चाबी सचिवांकडे असावी, अशीही सूचना आली. त्यावर मागून कोणीतरी विचारलं, "अन् सचिव नागपूरला गेले तं?"

पेटी ठेवायची की काढायची, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत पुन्हा आहे. माझं मत ठेवण्याच्या बाजूने आहे, आणि माझी एक चाबी तिथे सातव्या खिळ्यावर टांगायला मी उद्याच आणून देतो आहे.