कमल स्वरूप यांचा अतिवास्तव चित्रपट : 'घाशीराम'पासून फाळके-शोधापर्यंत

प्रस्तावना

चित्रपटाचा इतिहास लिहिताना प्रदर्शनाचे वर्ष प्रमाण मानण्याची आपली पद्धत आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, 'संत तुकाराम' १९३६ चा, 'श्यामची आई' १९५३ चा, असे आपण सहज म्हणतो. परंतु एखादा चित्रपट पूर्ण झाला, सेन्सॉर झाला, परदेशी महोत्सवात गाजला, त्याला पुरस्कारही मिळाला आणि तरीही देशातील चित्रपटगृहात तो सव्वीस वर्षे लागलाच नाही, तर त्याची नोंद कोणत्या दशकात करावयाची? कमल स्वरूप यांच्या 'ओम-दर-ब-दर' या हिंदी चित्रपटाने हा प्रश्न उभा केला आहे. तो १९८८ मध्ये पूर्ण झाला, त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला, १९८९ मध्ये त्यास फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार लाभला आणि तिकीट काढून तो पाहण्याची सोय झाली ती १७ जानेवारी २०१४ रोजी.

भारतीय अतिवास्तववादी चित्रपटाचा विषय निघाला म्हणजे याच एका चित्रपटाचे नाव घेतले जाते. एक विक्षिप्त, अपवादात्मक कृती म्हणून त्याचे कौतुक होते आणि दिग्दर्शकाची उर्वरित कारकीर्द बाजूला पडते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे आकलन अपुरे आहे. स्वरूप यांच्या कामाचा आरंभ एका मराठी चित्रपटाने झाला आणि त्यांच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका मराठी माणसाच्या शोधात गेला. ही दोन टोके जोडून पाहिल्यास त्यांची अतिवास्तवता पॅरिसहून आयात केलेली वाटत नाही. तिचे मूळ आपल्याच परिसरात दिसू लागते.

मराठी प्रारंभ

स्वरूप यांचे बालपण अजमेरात गेले. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून ते १९७४ मध्ये पदवीधर झाले. त्या सुमारास पुण्यातील सांस्कृतिक वातावरण 'घाशीराम कोतवाल'ने ढवळून निघालेले होते. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रथम रंगमंचावर आले, वादात सापडले आणि पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. या नाटकावरून संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त फिल्म सहकारी संस्था' स्थापून १९७६ मध्ये मराठी चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशी चार नावे दिली जातात. पटकथा तेंडुलकरांची, नाना फडणवीस मोहन आगाशे यांनी, तर घाशीराम ओम पुरी यांनी साकारला.

चौघांच्या कामातून एकाचा वाटा वेगळा काढणे धाडसाचे होईल आणि तसा प्रयत्न येथे केलेला नाही. मात्र एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. रंगमंचावर 'घाशीराम'ची शक्ती माणसांच्या भिंतीत होती. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण क्षणात पडदा होत, क्षणात गर्दी होत, क्षणात कीर्तन होत. म्हणजे एकच देह एकाच वेळी अनेक गोष्टी असू शकतो आणि प्रेक्षकाला त्यात काही खटकत नाही, हा धडा या तरुणांना लोकनाट्याच्या परंपरेतूनच मिळाला होता. त्यासाठी आंद्रे ब्रेताँचा १९२४ चा जाहीरनामा वाचण्याची गरज नव्हती. (तो त्यांनी वाचला असणारच; चित्रपट-शिक्षणात बुन्युएलला वगळून पुढे जाता येत नाही.)

या चित्रपटाचे पुढे काय झाले, हे मराठी अभ्यासकांनी विसरू नये. मराठीतील अत्यंत महत्त्वाच्या नाटकावरील हा चित्रपट कित्येक वर्षे दुर्मीळ झाला होता. बर्लिन येथील आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात त्याची प्रत टिकली, तिच्यावरून अंकीय आवृत्ती सिद्ध झाली आणि २०१४ च्या बर्लिन महोत्सवात ती दाखविण्यात आली. पेशवाईच्या पुण्याचे हे चित्र जर्मनीतील तिजोरीत राहिले म्हणून आज आपल्याला पाहता येते.

उपग्रह, बेडूक आणि पुष्कर

पदवीनंतर स्वरूप यांनी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या दूरचित्रवाणी प्रकल्पात मुलांसाठी विज्ञान-कार्यक्रम केले. हा काळ 'साइट' या प्रयोगाचा होता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्यात आली. ज्या गावात वीजही बेभरवशाची होती, त्या गावाच्या चावडीसमोर आकाशातून चित्रे उतरू लागली. शासनाच्या दृष्टीने तो शिक्षणप्रसार होता. समोर बसलेल्या मुलांच्या दृष्टीने विज्ञान आणि चमत्कार यांतील सीमारेषा कोठे होती, याचा विचार अहवालांत फारसा झाला नसावा. 'ओम-दर-ब-दर' हा चित्रपट नेमका त्या सीमारेषेवर उभा आहे.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अर्थसाहाय्याने तयार झालेल्या या चित्रपटाचे कथानक सांगणे अवघड आहे आणि सांगून विशेष लाभही नाही. अजमेरात ओम नावाचा मुलगा वाढतो. वडील सरकारी नोकरी सोडून ज्योतिषाकडे वळलेले आहेत. थोरली बहीण गायत्री आपल्या मर्जीने जगू पाहते आणि जगदीश नावाच्या तरुणाशी तिचे प्रेम जमते. ओमला जीवशास्त्राचे आकर्षण आहे, तसेच जादूटोण्याचे. तो पाण्याखाली दीर्घकाळ श्वास रोखू शकतो. हिरे हरवतात, ते बेडकांच्या पोटात सापडू लागतात, टूथपेस्टची जाहिरात धार्मिक विधीत मिसळते आणि शेवटी सर्व काही पुष्करच्या सरोवराकाठी येऊन पोहोचते. रजत ढोलकिया यांचे संगीत हे सारे ओढून नेते. संवाद आणि गीते कित्येकदा अर्थापेक्षा नादावर चालतात.

प्रथमदर्शनी हा गोंधळ वाटतो. प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो एका विद्यार्थ्याने आणलेल्या पेनड्राइव्हवर, आणि अर्ध्यावरच बंद केला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्या खेपेस लक्षात आले की यातील एकही वस्तू अनोळखी नाही. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील बेडूक, रेडिओवरील फर्माइशी, नोकरीचा अर्ज, सायकल, भिंतीवरील जाहिरात, पंचांग आणि स्थळपुराण ही सारी १९६० ते १९८० या काळातील कोणत्याही तालुक्याच्या गावातील सामग्री आहे. धुळे, साक्री किंवा पिंपळनेर येथेही ती तशीच होती. आपल्या घरांतही देवघर, रेडिओ आणि विज्ञानाची वही एकाच कोनाड्यात नांदत असत आणि त्यांची सरमिसळ आपणास विचित्र वाटत नसे. स्वरूप यांनी ती सरमिसळ क्रम न लावता पडद्यावर ठेवली. वास्तववादी चित्रपटाने जे नीट वेगळे करून दाखविले होते, ते त्यांनी पुन्हा एकत्र केले.

युरोपीय अतिवास्तववादाशी तुलना करता येथे फरक स्पष्ट होतो. बुन्युएल आणि दाली यांच्या १९२९ च्या लघुपटात स्वप्न हे मध्यमवर्गीय नीतिमत्तेवर उगारलेले शस्त्र आहे; प्रेक्षकाला हादरवणे हा त्याचा हेतू आहे. 'ओम-दर-ब-दर'मध्ये कोणी हादरत नाही. बेडकाच्या पोटात हिरा सापडल्यावर पात्रे नफ्याचा हिशेब करतात. पुराणकथेतही असेच घडते. समुद्रातून घोडा वर येतो आणि लगेच तो कोणी घ्यावा याची चर्चा सुरू होते.

चित्रपट प्रदर्शित झाला नाही, तरी तो नाहीसाही झाला नाही. व्हिडिओ कॅसेटच्या प्रती, प्रतींच्या प्रती, पुढे संगणकीय फाइल असा त्याचा प्रवास चित्रपट-शिक्षण घेणाऱ्यांच्या खोल्यांतून चालू राहिला. नंतरच्या पिढीतील अनुराग कश्यप यांच्यासारख्या दिग्दर्शकाने त्याचे ऋण मान्य केले आहे. ही एक प्रकारची मौखिक परंपराच म्हणावी लागेल. तथापि तिचे फार कौतुक करू नये. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात ज्याचा मित्र नव्हता, त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही. २०१४ मध्ये चित्रपट लागला तोही मोजक्या मोठ्या शहरांतील पडद्यांवर.

फाळके : प्रोफेसर केळफा

'ओम-दर-ब-दर'नंतर स्वरूप यांनी दुसरा कथाचित्रपट लगोलग केला नाही. त्यांनी दादासाहेब फाळके यांचा शोध आरंभिला आणि दोन दशकांहून अधिक काळ तो चालविला. फाळके जेथे जेथे राहिले तेथे विद्यार्थ्यांसह कार्यशाळा घेणे, त्यांच्या आयुष्यातील तुटक नोंदी जमविणे आणि त्यांवर कल्पनाचित्रे रचणे असे त्याचे स्वरूप होते. 'फाळके फॅक्टरी' हा प्रकल्प आणि 'ट्रेसिंग फाळके' हा ग्रंथ ही त्याची फळे होत. समीक्षक या टप्प्याकडे बहुधा चित्रपट न मिळाल्यामुळे केलेले संशोधन म्हणून पाहतात. (दादावादापासून दादासाहेबांपर्यंत, असा श्लेष सुचतो खरा, पण तो येथेच सोडू.) वस्तुतः फाळक्यांमध्ये स्वरूप यांना आपल्या पद्धतीचा पूर्वज सापडला, असे फाळके-चरित्र बारकाईने पाहता म्हणता येते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण या सर्व कला शिकलेला हा माणूस काही काळ जादूचे प्रयोगही करीत असे आणि त्यासाठी त्याने घेतलेले नाव होते 'प्रोफेसर केळफा', म्हणजे आडनावाची अक्षरे उलट्या क्रमाने. विलायतेहून यंत्रे आणल्यावर भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी त्यांनी १९१२ मध्ये केलेला लघुपट कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचा होता. अनेक दिवस थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेऊन त्यांनी बीजाचा अंकुर आणि अंकुराचा वेल झरझर वाढताना दाखविला. तो विज्ञानाचा पाठ होता की जादूचा खेळ? पाहणाऱ्यास दोन्ही एकदमच दिसले असणार. साठ-पासष्ट वर्षांनी उपग्रह-दूरचित्रवाणीवर मुलांना विज्ञान शिकविणाऱ्या तरुणाने याच जागेवरून सुरुवात केली, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकातील लेखांत फाळके यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहतानाचा अनुभव सांगितला आहे. डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत असताना मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असा त्याचा आशय आहे. या कथनाचा अर्थ आपण नेहमी स्वदेशी चित्रपटाची प्रेरणा एवढाच लावतो. परंतु त्यात पाहण्याची एक रीतही आहे. एका प्रतिमेत दुसरी दिसणे आणि दोन्ही खऱ्या वाटणे ही ती रीत होय. 'लंकादहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. 'कालियामर्दन' (१९१९) च्या आरंभी फाळक्यांची कन्या मंदाकिनी प्रथम स्वतः म्हणून आपले हावभाव दाखविते आणि मग पाहता पाहता कृष्ण होते. म्हणजे कृष्ण ही कोणाची तरी मुलगी आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले जाते आणि नंतर त्याची भक्ती मागितली जाते.

वर्गात 'कालियामर्दन'चा अंश दाखविला असता पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, सापाच्या आत कोण आहे?" त्याला साप खोटा वाटला म्हणून हा प्रश्न आला नव्हता. कोकणा समाजाच्या भोवाड्यात देवाचा मुखवटा कोणी घातला आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असते आणि तरीही रात्रीच्या उजेडात नाचतो तो देवच. फाळक्यांच्या प्रेक्षकाची दृष्टी याहून फार वेगळी नसावी. पाण्यात कालियाशी झुंजणारा तो बालकृष्ण पाहिल्यावर पुष्करच्या पाण्याखाली श्वास रोखणारा ओम वेगळा दिसू लागतो. हा संबंध स्वरूप यांनी हेतुतः जोडला असा दावा येथे नाही. दोघांची पाहण्याची रीत एकाच कुळातील आहे, एवढेच म्हणावयाचे आहे.

काशीवास

फाळके-शोधातून निघालेला 'रंगभूमी' (२०१३) हा माहितीपट फाळक्यांच्या यशाविषयी नाही, ही त्याची विशेषता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतील भागीदारांशी मतभेद झाल्यावर फाळके सर्व सोडून काशीला गेले आणि तेथे त्यांनी चित्रपटाऐवजी 'रंगभूमी' हे मराठी नाटक लिहिले. चित्रपटाचा जनक चित्रपटावर रुसून नाटकाकडे परततो, या विसंगतीत स्वरूप यांना आपलीच कथा दिसली असल्यास नवल नाही. बनारसच्या घाटांवर ते स्वतः फाळक्यांच्या खुणा शोधत हिंडतात. खुणा जवळजवळ नाहीतच आणि चित्रपट त्या अभावाचाच होतो. फिल्म्स डिव्हिजनने निर्मिलेल्या या माहितीपटाला ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. पुरस्काराची घोषणा एप्रिल २०१४ ची. म्हणजे 'ओम-दर-ब-दर' जानेवारीत, 'घाशीराम' फेब्रुवारीत आणि 'रंगभूमी' एप्रिलमध्ये, अशी अडतीस वर्षांची कारकीर्द चार महिन्यांत एकदम लोकांपुढे आली. प्रदर्शनवर्षाला प्रमाण मानणाऱ्या इतिहासकाराने हा दिग्दर्शक २०१४ मध्ये उदयास आला असे लिहिल्यास त्याला चूक तरी कसे म्हणावे!

त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीत बनारस देशाच्या लक्षाचा केंद्रबिंदू झाले आणि स्वरूप यांनी कॅमेरा तेथेच ठेवला. एलियास कनेटी यांच्या जमावविषयक ग्रंथाच्या प्रेरणेने केलेल्या 'बॅटल फॉर बनारस' या माहितीपटास २०१५ मध्ये सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारले. त्यातील राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली. घोषणा, ढोल, मुखवटे आणि झेंडे यांत वाहणारी गर्दी हा 'घाशीराम'मधील माणसांच्या भिंतीचा पुढचा अवतार आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

२०१७ मध्ये स्वरूप पुन्हा पुष्करला गेले आणि त्यांनी 'पुष्कर पुराण' केला. येथे ओम नाही, बेडूक नाहीत. जत्रा आहे, उंट-घोड्यांचा बाजार आहे, ब्रह्मदेवाची कथा आहे आणि जत्रेचे छायाचित्र घेण्यासाठी आलेल्यांचे असंख्य कॅमेरे आहेत. याचीही निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. ती संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. 'ओम-दर-ब-दर' ज्या महामंडळाने निर्माण केला आणि सव्वीस वर्षे प्रदर्शनावाचून राहू दिला, त्याच्याच भांडारात आता 'रंगभूमी' आणि 'पुष्कर पुराण' आहेत.